पान सत्तावीस

आमच्या वाचनालयाच्या सेक्रेटरीला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. माझं मन मोठं नाही. तीस-बत्तीस वर्षं उपकेंद्रावर नर्स होते, गावाच्या जखमा धुतल्या, स्वतःची एक मात्र मुद्दाम उघडी ठेवली.

सडक अर्जुनीहून हायवेनं थोडं पुढं आलं की आमचं गाव लागतं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या बाजूची एक खोली, चार कपाटं, एक लांब टेबल. सेक्रेटरी म्हणजे हायस्कूलचे रिटायर हेडमास्तर. घरची जमीन भरपूर, आवाज खणखणीत, सारं गाव त्यांना सर म्हणतं. मला सारं गाव सिस्टर म्हणतं. आम्हा दोघांचं भांडण मी पहिल्यांदा त्या खोलीत पाय ठेवला त्याच दिवशी सुरू झालं, फक्त त्यांना ते कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं.

त्या दिवशी मी नवी कादंबरी मागितली. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"कादंबरी? तुमाले कादंबऱ्या कायले पायजेत, सिस्टर? तुमच्या समाजासाठी ते वरचं कपाट हाये ना. महापुरुषांची चरित्रं. ते वाचा, कामी येईल."

"ती आमच्या घरी आहेत, जी," मी म्हटलं. "माझी आई विड्या वळायची आणि बाप वाचून दाखवायचा. मला तोंडपाठ आहेत. मला कादंबरी पाहिजे."

त्यांनी दिली. देताना म्हणाले, "घ्या. शेवटी थे बाई विहिरीत जीव देते. आता वाचा आरामानं." आणि हसले. टेबलाशी पेपर वाचत बसलेले दोन म्हातारेही हसले.

मला वाटलं, चुकून बोलले असतील. कसलं चुकून! जित्याची खोड ती. प्रत्येक नव्या कादंबरीला तेच. नवं पुस्तक आलं की आधी सरांच्या घरी जायचं, मग त्यांच्या व्याह्यांकडं, मग टेबलाशी बसणाऱ्यांकडं, आणि सहा-सात महिन्यांनी, पाठीचा कणा मोडल्यावर, माझ्या हाती. वर शेवट फुकट. "खून दिरानंच केला हाये." "पोरगं सापडत नाई." एकदा मी दारातूनच ओरडले, "सर, सांगू नका जी!" तर हे आतून म्हणतात, "नर्सबाईले टाइम कुठं असते? मी तुमचा टाइम वाचवून राहिलो." मी ते पुस्तक छातीशी धरून उपकेंद्रावर गेले आणि त्या दिवशी दोन बायांना इंजेक्शन जरा जोरातच टोचलं. त्या बिचाऱ्यांची आजही माफी मागायला पाहिजे.

आणि तरी मी वाचायची. प्रत्येक पुस्तक, शेवट ठाऊक असून, पहिल्या पानापासून.

आमच्या वाचनालयात एक रीत आहे. पुस्तक वाचून झालं की सत्ताविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात आपला सभासद नंबर पेन्सिलनं लिहायचा. कुणी सुरू केलं, सत्तावीसच का, कुणाला ठाऊक नाही. उपयोग एवढाच की पुढं तेच पुस्तक परत हाती आलं तर पान उघडून पाहायचं, आपण वाचलंय की नाही. पण त्या कोपऱ्यात पहिला नंबर कुणाचा यालाही गावात किंमत होती. सरांचा नंबर एक, तोही लाल पेन्सिलनं, सगळ्यांच्या वर. माझा एक्केचाळीस. इतक्या वर्षांत एकाही कादंबरीच्या सत्ताविसाव्या पानावर एक्केचाळीस पहिला आलेला नव्हता. हसू येईल कुणाला, पण मला ते सलायचं. रिटायर होताना लोकांनी शाल-नारळ दिलं, भाषणं केली, आणि मी मनात म्हणत होते, एकदा, फक्त एकदा, मला एखादी नवी कादंबरी सगळ्यांच्या आधी आणि शेवट न कळता वाचायची आहे.

रिटायर झाल्यावर नागपूरच्या लेकीनं एक यंत्र आणून दिलं. पाटीएवढं, पातळ, ई-बुक वाचायचं. "आई, आता कोणाच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही. पुस्तक ज्या दिवशी निघतं ना, त्याच दिवशी यात येतं. समझी?"

समजले. पण जमेना. मला पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय. त्या काचेला थुंकी लागली की एकदम दहा पानं पुढं. मागं यायला जावं तर पुस्तकच बंद. घरात रेंज नाही, म्हणून पुस्तक उतरवून घ्यायला तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, जाऊन उभं राहायचं. तिथं शेळ्या चारणारी बाई विचारायची, "काय व सिस्टर, कोनाले फोन लावून राहिल्या?" मी म्हणायची, "पुस्तक येऊन राहिलं." ती आभाळाकडं पाहायची.

सगळ्यात वाईट म्हणजे हाताला काही कळेना. कागदाचं पुस्तक उजव्या हातात पातळ होत जातं, अंगठ्याला कळतं की आता थोडंच उरलं. इथं खाली आकडा येतो, चौदा टक्के, पंधरा टक्के, सलाइन उतरावी तसं. आणि अक्षर मोठं केलं की सारी पानंच बदलतात. सत्ताविसावं पान माझ्या चष्म्यानं एक आणि लेकीच्या डोळ्यांनी दुसरंच. मी लेकीला विचारलं, "अगं, यात निशाणी कुठं करायची?" तर ती म्हणाली, "कशाला पाहिजे निशाणी? तुझंच तर आहे." तिला काय सांगणार.

गेल्या वर्षी, हलक्या धानाची कापणी चालली होती तेव्हा, एक नवी कादंबरी निघाली. दोन बहिणींची गोष्ट. मोठीनं धाकटीला लहानपणी जत्रेत सोडून दिलेलं असतं, मुद्दाम. धाकटी मोठी होते आणि बहिणीला शोधत निघते. वाचनालयानंही ती मागवली होती, पण छापील प्रत एसटीच्या पार्सलनं यायची, आठ-दहा दिवस तरी लागणार. मी पाळीवर गेले, उतरवली, आणि दोन दिवस चूल नि वाचन सोडून दुसरं काही केलं नाही.

शहाण्णव टक्क्यांवर मला वाटलं अजून बरंच आहे. बोट फिरवलं आणि गोष्ट संपली. पुढचे चार टक्के नुसते आभार आणि दुसऱ्या पुस्तकांच्या जाहिराती. धाकटी बहिणीच्या दारापर्यंत येते, आतून भांड्यांचा आवाज ऐकते आणि कडी न वाजवता परत जाते. बस. मी अंगणात बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा एका नव्या कादंबरीचा शेवट मला कोणी सांगितला नव्हता. मी रडले, आणि बहिणींसाठी रडले की स्वतःसाठी ते मला सांगता येणार नाही.

डोळे पुसले आणि लगेच आठवलं, सरांनी हे अजून वाचलेलं नाही!

काय आनंद झाला म्हणून सांगू! पार्सल आल्याचं कळताच मी वाचनालयात हजर. वाक्यसुद्धा पाठ करून गेले होते: सर, शेवटी धाकटी कडी न वाजवता परत जाते, आता वाचा आरामानं. सर खोक्याची दोरी सोडत होते. मी म्हटलं, "ही कादंबरी मी वाचली, सर. गेल्याच आठवड्यात."

त्यांचा हात थांबला. "कशी वाचली?"

"यंत्रावर."

"मंग थे वाचन नाई, सिस्टर." त्यांनी पुस्तक काढलं, लाल पेन्सिल घेतली, टेबलावर वाकून सत्ताविसाव्या पानावर आपला एक लिहिला, न वाचताच. "हे पाहा. तुमची निशाणी कुठं हाये? यंत्रावरचं वाचन म्हणजे खिडकीतून लग्न पाहणं. जेवण नाई भेटत."

म्हातारे खो-खो हसले. मला इतका राग आला की पाठ केलेलं वाक्य न बोलताच दाराबाहेर पडले. तशीच घरी आले. दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या, काऊन नाही बोललीस, काऊन? पण आता वाटतं, नाही बोलले तेच बरं झालं. गोळी बंदुकीतच राहिली.

आठव्या दिवशी सरांनी स्वतः निरोप पाठवला, पुस्तक झालं वाचून, घेऊन जा. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी आणलं, वास घेतला, नीट मांडीवर ठेवून वाचायला बसले, कारण खरं सांगायचं तर यंत्रावर वाचून माझंही पोट भरलं नव्हतं. आणि सत्त्याण्णव पानाशी माझं बोट अडलं. पुढची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात कापायची राहिली की अशी राहतात, सुरी घालून सोडवावी लागतात. एकशे चारपर्यंत सगळी बंद. आणि सत्तावीसवर लाल एक, ठसठशीत!

चोर सापडला. न वाचता निशाणी, न वाचता "झालं वाचून". त्या लाल आकड्याकडं मी नीट पाहिलं असतं तर आणखी काही दिसलं असतं. तो कोपऱ्यात नव्हता, दोन ओळींच्या मधोमध अक्षरांवर पडला होता. पण मला तेवढं पाहायला सवड कुठं होती? मी देव्हाऱ्यापुढं नवस न बोलणारी बाई, पण त्या दिवशी मी त्या जोडलेल्या पानांना हात जोडले.

आमच्याकडं दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकी-जावई, पाहुणे, सगळं गाव एकत्र. त्या दिवशी सकाळी वाचनालयासमोर मांडव घालतात आणि सर वर्षातल्या नव्या कादंबरीवर बोलतात. झकास बोलतात, ते मी नाकारत नाही. तर मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी सर माझ्या दारात. कधी नव्हे ते!

"बसा जी," मी म्हटलं. चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं, धानाचं झालं, माझ्या गुडघ्यांचं झालं. मग हळूच म्हणतात, "थे कादंबरी, सिस्टर. तुमी तर दोनदा वाचली. शेवट पटला का तुमाले?"

चोराच्या मनात चांदणं. मला शेवट विचारायला आले होते! ज्या माणसानं माझे सगळे शेवट चोरले, तो माझ्या ओसरीवर कपबशी धरून एक शेवट मागत होता.

मी बशीत चहा ओतला. सावकाश म्हटलं, "मला तर रडूच आलं, सर. मोठी बहीण धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवते, माफी मागते आणि तिथंच जीव सोडते. बाहेर जत्रेचे ढोल वाजून राहिले असतात."

"हो, ढोल," सर मान हलवत म्हणाले. "थे ढोलाचं तर लयच जमलं हाये."

ढोल मी त्याच क्षणी बनवले होते. सर गेल्यावर मी दार लावून एकटीच हसले, इतकी की शेजारीण विचारायला आली.

दुसऱ्या दिवशी मांडव भरलेला. मी पहिल्या रांगेत, पिशवीत कादंबरी. सर उभे राहिले, अर्धा तास बोलले, आणि शेवटाशी आले तेव्हा ढोल असे वाजवले की बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. "मांडीवर डोकं ठेवून थे मोठी बहीण म्हणते..." म्हणाले, आणि त्या बिचारीच्या तोंडी चार वाक्यं स्वतःची घातली. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायची मी वाट पाहिली आणि उभी झाले.

"सर, मस्त बोलले. आता जरा सत्त्याण्णव पानापासून वाचून दाखवा," म्हटलं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी घेतलं. उघडलं. पानं चाळली, बोट जोडलेल्या पानांवरून गेलं, त्यांना कळलं नाही. मग त्यांनी पुस्तक समोर धरलं आणि मान डावीकडं वळवली. पुस्तक समोर आणि माणूस पाहतोय बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यातून.

ती मान मी ओळखली. डोळ्यांच्या शिबिरात मी अशा माना शेकड्यानं पाहिल्यात. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध जळतो, त्याला ऑपरेशन नाही. कडेचं दिसतं, म्हणून माणूस रस्त्यानं चालतो, सायकलीला बाजू देतो, कुणाला पत्ता लागत नाही. पण ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं दिसत नाही. समोरच्याचा चेहरा दिसत नाही. अक्षर तर नाहीच नाही.

मी नर्स. मला तिथंच गप्प बसता आलं असतं. "राहू द्या सर, वेळ झाला," एवढं म्हटलं असतं तरी निभलं असतं. सारा मांडव थांबला होता आणि मला कळलं होतं, आणि मी ठरवून तोंड उघडलं.

"ती पानं कापलेलीच नाहीत, सर. आणि शेवट तसा नाहीच. ढोल तर कुठंच नाहीत."

आधी कुणाला कळलं नाही. मग मागून कुणी तरी हसलं, मग बरेच जण. सरांनी पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवायला गेले, टेबलाच्या कडेला लागून ते खाली पडलं. ते वाकले नाहीत. सरळ मांडवातून चालत निघून गेले. लोक मला विचारत होते, मग शेवट काय आहे? मी सांगितला नाही. त्या लोकांनी माझं काय बिघडवलं होतं? पुस्तक उचललं, सत्ताविसावं पान काढलं आणि लाल आकड्याच्या वर, जागा नव्हती तिथं कोंबून, एक्केचाळीस लिहिलं.

गोड लागलं का? लागलं. संध्याकाळपर्यंत लागलं. मग ती वळलेली मान डोळ्यांपुढून हलेना, आणि मला त्यांचा आणखीच राग आला, की हा माणूस मला सुखानं बदलासुद्धा घेऊ देत नाही.

सरांनी वाचनालयाची किल्ली ग्रामपंचायतीत देऊन टाकली. महिनाभर घराबाहेर दिसले नाहीत. आणि मग एका सकाळी परत माझ्या दारात. या वेळी मी चहा विचारला नाही.

"तुमच्या यंत्रात अक्षर किती मोठं होते, सिस्टर?"

मी यंत्र आणलं. अक्षर वाढवत गेले. ते मान वळवून बसले होते, "अजून, अजून," म्हणत होते. शेवटी काचेवर पाच-सहा शब्द उरले तेव्हा त्यांनी हात वर केला. आणि लहान पोर वाचतं तसं, एकेक शब्द लावत, बोट फिरवत, त्या हेडमास्तरानं पहिलं वाक्य वाचलं. वाचून झाल्यावर बराच वेळ नाक ओढत बसले.

"दोन वर्षं झाली," म्हणाले. "घरी बी सांगतलं नाई. पेपरात पुस्तकाबद्दल जे येते थे टेबलाशी दुसऱ्याकडून वाचून घेत होतो."

"कोणतं पुस्तक वाचता?" मी विचारलं.

"थेच. दोन बहिणींचं. ज्यावर बोललो थे तरी वाचलं पायजे ना आता." मग म्हणाले, "फक्त शेवट सांगू नका, सिस्टर."

ते रोज यायला लागले. ओसरीवर बसायचे, तासाभरात कागदाची दीड-दोन पानं व्हायची. अर्ध्याला यायला उन्हाळा लागला. मी आत भाजी चिरायची आणि तो शेवट माझ्या जिभेवर बसून राहायचा. एक दिवस त्यांनी वर न पाहता विचारलं, "धाकटी पोचते का नाई हो बहिणीपर्यंत? नाई, नको, सांगू नका." आणि माझ्या तोंडून निघून गेलं. चुकून नाही. विळीवरचा हात थांबवून, दारात येऊन, नीट सांगितलं.

"दारापर्यंत पोचते, सर. कडी वाजवत नाही. परत जाते."

त्यांचं बोट काचेवर थांबलं. चेहरा असा उतरला की बस. मी तो पाहिला. पोटभर पाहिला. इतक्या वर्षांत माझा चेहरा असा कितीदा झाला असेल आणि कुणी पाहिला नसेल.

"सांगून देल्लं तुमी," ते म्हणाले.

"देल्लं."

मला वाटलं आता उठतील, यंत्र ठेवतील, चालू लागतील. ते उठले नाहीत.

"एक विचारू, सिस्टर? मी तुमाले साऱ्याच पुस्तकाचे शेवट सांगत होतो. तरी तुमी पुस्तक पुरं करूनच आणत होत्या. कशा वाचत होत्या?"

"रागानं," मी म्हटलं. "तुमच्यावरच्या रागानं वाचत होते."

सरांनी मान हलवली. मग ती डावीकडं वळवली, यंत्र समोर धरलं आणि जिथं थांबले होते तो शब्द बोटानं शोधून काढला.

"मंग मी बी तसाच वाचतो," म्हणाले, आणि वाचायला लागले.